मर्यादित बजेटमध्ये भरवशाची सेकंड हँड एक्झिक्युटिव्ह गाडी कशी निवडावी

सात-आठ वर्षं वापरलेली मोठी सेडान पुष्कळदा नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळते. खरेदीदारांची गल्लत होते ती क्रमात. आधी गाडी डोळ्यांत भरते, मग किंमत जुळते, मग पैसे जातात, आणि त्या इंजिनाची टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं हे सगळ्यात शेवटी कळतं. खाली दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. पुढची पायरी आधी उरकली, तर मागची करायची इच्छाच उरत नाही.

एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्या. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. दहा वर्षांच्या मर्सिडीज ई-क्लासचा हेडलाइट आजही ई-क्लासच्याच भावात येतो.

## १. पैशांची विभागणी

हातातली सगळी रक्कम गाडीवर लावू नका. एकूण बजेटच्या तीन चतुर्थांशापर्यंत गाडीची किंमत ठेवा. उरलेला चौथा हिस्सा पहिल्या वर्षासाठी आहे: ताबडतोब करायची सर्व्हिसिंग, कदाचित टायर, आणि एक मोठी अनपेक्षित दुरुस्ती. हा हिस्सा बाजूला ठेवता येत नसेल, तर गाडीचा वर्ग एक पायरी खाली आणा. नीट सांभाळलेली साधी गाडी ही दुर्लक्षित आलिशान गाडीपेक्षा केव्हाही बरी.

मनात असलेल्या प्रत्येक मॉडेलसाठी सहा भाव आधीच काढून ठेवा: चार टायर, पुढच्या ब्रेकच्या डिस्क आणि पॅड, पुढचे दोन्ही लोअर आर्म (चाकाला सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे), वॉटर पंप, एक हेडलाइट, आणि एअर सस्पेन्शन (स्टीलच्या स्प्रिंगांऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली गाडी) असेल तर एक एअर स्प्रिंग, म्हणजे तसा एक फुगा. विम्याचा हप्ताही विचारा. ही यादी बघून दोन-तीन मॉडेल आपोआप गळतात, आणि ती याच टप्प्यावर गळलेली बरी.

## २. वापर ठरवा, मग इंधन

रोजचा प्रवास पाच-सात किलोमीटरचा आणि रहदारीचा असेल, तर आधुनिक डिझेल घेऊ नका. त्याच्या सायलेन्सर यंत्रणेतला काजळीचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, स्वतःला साफ करतो तो जमलेली काजळी जाळून. त्यासाठी त्याला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान आणि मोकळ्या रस्त्यावर सलग पंधरा-वीस मिनिटं लागतात. ती मिळाली नाहीत की फिल्टर तुंबतो. काजळी जळली तरी राख मागे उरतेच, म्हणून भरपूर चाललेल्या डिझेल गाडीत फिल्टरचं आयुष्य संपत आलेलं असू शकतं.

लांबचा प्रवास नेहमीचा असेल तर डिझेल अजूनही चांगलं. शहरातल्या वापराला टर्बो नसलेलं साधं पेट्रोल इंजिन किंवा टोयोटा-लेक्ससचं हायब्रिड जास्त निभावतं. हायब्रिड पाहताना मागच्या सीटजवळची बॅटरीची हवा खेचणारी जाळी बघा. ती धुळीने किंवा केसांनी बुजलेली असेल, तर बॅटरी बराच काळ तापत राहिलेली असू शकते.

## ३. मॉडेल निवडू नका, इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडी निवडा

हा टप्पा सर्वात महत्त्वाचा, आणि नेमका हाच वगळला जातो. ‘बीएमडब्ल्यू ५ सिरीज भरवशाची आहे का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. एकाच बॉडीत पाच-सहा इंजिनं आणि तीन-चार गिअरबॉक्स बसवलेले असतात, आणि त्यांचे स्वभाव अगदी वेगळे असतात. काही उदाहरणं पाहा.

बीएमडब्ल्यू. २००७ पासून आलेल्या एन४७ या चार सिलिंडर डिझेल इंजिनाची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. २००७ ते २०११ च्या सुमाराच्या इंजिनांत ती झिजण्याच्या तक्रारी खूप झाल्या. चेन तुटली तर इंजिन जातं, आणि नुसती बदलायची म्हटली तरी इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. चेन बदलल्याची पावती असेल तरच अशी गाडी बघा.

मर्सिडीज. २००२ ते २००९ च्या ई-क्लासमध्ये (या पिढीचा कोड डब्ल्यू२११) २००६ च्या फेरबदलाआधी सेन्सोट्रॉनिक नावाची विजेवर चालणारी ब्रेक यंत्रणा होती. तिचं युनिट महाग आहे आणि ब्रेक किती वेळा दाबले याची मोजणी ते स्वतःच ठेवतं. कंपनीने २००६ मध्ये ही यंत्रणा काढून साधे हायड्रॉलिक ब्रेक दिले. म्हणून त्या पिढीत नंतरची गाडी शोधा. एम२७२ या व्ही६ पेट्रोल इंजिनाच्या सुरुवातीच्या काही वर्षांत बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचा) दातेरी गिअर अकाली झिजायचा. दोष कोणत्या इंजिन क्रमांकांपर्यंत आहे ते माहितीतलं आहे, म्हणून गाडी बघायला जाण्याआधी क्रमांक मागून घ्या.

ऑडी, फोक्सवॅगन, स्कोडा. २००९ ते २०११ च्या आसपासची २.० टीएफएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनं पिस्टन रिंगांमुळे ऑइल पितात. डीएसजी म्हणजे या कंपन्यांचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्यातली सात गिअरची कोरड्या क्लचची डीक्यू२०० रहदारीत लवकर कंटाळते. सहा गिअरची ओल्या क्लचची डीक्यू२५० जास्त टिकते, पण दर ६०,००० किलोमीटरला तिचं ऑइल बदललेलं असायला हवं. ऑडीचा मल्टीट्रॉनिक गिअरबॉक्स बजेट तंग असेल तर टाळाच.

टोयोटा, लेक्सस, होंडा. कॅमरी आणि लेक्सस ईएसमधलं ३.५ लिटरचं व्ही६ इंजिन दणकट आहे. जुन्या गाड्यांत व्हीव्हीटी-आयच्या (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या) ऑइल पाइपचा रबरी तुकडा फुटायचा. तो बदलून धातूचा पाइप टाकलाय का, एवढं बघा. २००७ ते २००९ ची २.४ लिटर कॅमरी मात्र ऑइल खाण्यासाठी ओळखली जाते. म्हणजे ‘टोयोटा आहे, बघायचं काय’ हे बोलणंही चुकीचंच. होंडा अकॉर्डचं २.४ लिटर इंजिन चांगलं आहे. थंड असताना सुरू करताना एक-दोन सेकंद खरखर आली तर व्हीटीसी अ‍ॅक्च्युएटरचा (व्हॉल्व्ह उघडणारा कॅम शाफ्ट मागेपुढे फिरवणाऱ्या भागाचा) खर्च धरा.

व्होल्व्हो. पाच सिलिंडरची इंजिनं पुष्कळ चालतात, पण त्यांना चेनऐवजी टायमिंग बेल्ट असतो. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. किलोमीटर कमी असले तरी वर्षं भरली की बेल्ट बदलावाच लागतो.

> खूण: तुम्हाला एका वाक्यात इंजिनाचा कोड, गिअरबॉक्सचा प्रकार आणि पसंतीची वर्षं सांगता आली पाहिजेत. जमत नसेल तर गाड्या बघायला निघू नका.

## ४. फोन आणि कागद

गाडी बघायला जाण्याआधी फोनवर तीन गोष्टी मागा: १७ अक्षरी चेसिस नंबर, सर्व्हिसच्या पावत्यांचे फोटो, आणि शेवटची मोठी दुरुस्ती कधी व कशाची झाली. चेसिस नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर विषय तिथेच संपवा.

शिक्का मारलेल्या सर्व्हिस पुस्तिकेपेक्षा पावत्यांवर जास्त विश्वास ठेवा. पावतीवर तारीख, किलोमीटर आणि वापरलेल्या ऑइलचा ग्रेड असतो. त्या तारखेप्रमाणे लावा. किलोमीटर सतत वाढत गेले पाहिजेत. मधली दोन वर्षं गायब असतील तर का, ते विचारा.

चेसिस नंबरवरून कंपनीच्या प्रलंबित रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांच्या नोंदी, तपासा. टकाटा कंपनीच्या एअरबॅगची रिकॉल ही वाहन उद्योगातली सर्वात मोठी. त्यांतल्या इन्फ्लेटरमधलं (एअरबॅग फुगवणाऱ्या भागातलं) रसायन उष्णता आणि दमटपणाने खराब होतं आणि अपघातात इन्फ्लेटरच फुटून धातूचे तुकडे उडतात. होंडा, टोयोटा, बीएमडब्ल्यूसह अनेक कंपन्यांच्या गाड्या त्यात आहेत. रिकॉलचं काम कंपनी फुकट करून देते, म्हणून ते राहिलेलं असेल तर गाडीत बसण्याआधी करून घ्या.

गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, विक्रेता हाच नोंदणीकृत मालक आहे का, आणि विम्याचे दावे कोणते झाले, हेही इथेच विचारून घ्या.

## ५. थंड गाडी

विक्रेत्याला स्पष्ट सांगा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. झिजलेली चेन, गळके व्हॉल्व्ह सील, कमजोर बॅटरी हे सगळं इंजिन गरम झालं की लपतं.

सुरू करण्याआधी डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघा. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीतलं पाणी स्वच्छ आणि रंगीत हवं. त्यावर तेलाचा तवंग असेल तर परत फिरा. ऑइलच्या झाकणाखाली थोडा पिवळसर फेस दिसला तर घाबरू नका, थंडीत छोट्या फेऱ्या केल्या की तो येतो. पण डिपस्टिकवरही तसाच फेस असेल, तर कूलंट ऑइलमध्ये जातंय.

> सावधान: रेडिएटरचं झाकण फक्त थंड गाडीतच उघडा. एअर सस्पेन्शनच्या गाडीखाली किंवा चाकाच्या कमानीत डोकं घालू नका, ती अचानक खाली बसू शकते.

आता विक्रेत्याला गाडी सुरू करायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरमागे उभे राहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. दाट पांढरा आणि गोडसर वासाचा धूर न विरता येत राहिला तर कूलंट. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. डीपीएफ शाबूत असलेल्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरचं तोंड आतून जवळजवळ स्वच्छ असतं. आत फिरवलेलं बोट काळंकुट्ट झालं तर फिल्टर फुटलेला तरी आहे किंवा काढून टाकलेला तरी.

मग पुढे या आणि ऐका. पहिल्या दोन-चार सेकंदांतली साखळी ओढल्यासारखी खडखड आणि ती कुठून येते, पुढून की मागून, हे लक्षात ठेवा.

## ६. बॉडी, टायर आणि पाण्याच्या खुणा

गाडी दिवसाउजेडी आणि कोरडी असताना बघा. ओल्या पत्र्यावर रंगातला फरक दिसत नाही. दारं, बॉनेट, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या हव्यात. बॉनेटच्या बिजागऱ्यांचे बोल्ट पान्याने फिरवलेले दिसले तर ते का सोडले ते विचारा.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. कंपनीतला रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉनच्या आसपास असतो. एखाद्या पत्र्यावर ५००-६०० दिसले तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. लोहचुंबकाच्या जुन्या युक्तीवर या वर्गात विसंबू नका. अनेक महागड्या गाड्यांचे काही पत्रे अ‍ॅल्युमिनियमचे असतात. २००३ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू ५ सिरीजचा (ई६० पिढी) पुढचा भाग तसाच आहे, तिथे चुंबक मुळातच चिकटत नाही.

टायरच्या बाजूवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चार टायर चार कंपन्यांचे असतील, तर मालकाने बाकी ठिकाणीही काटकसर केलेली असते. टायरची ही खूण माझ्या मते चकचकीत पॉलिशपेक्षा खूप जास्त खरं सांगते. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत असे वेगवेगळे झिजलेले टायर ट्रान्स्फर केसलाही (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागालाही) मारक ठरतात.

पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची रेषा राहून जाते. सीटच्या रुळांवरचा गंज, डिकीतल्या चाकाच्या खड्ड्यातली ओल, आणि गालिच्याखालचा ओलसर फोम हे हाताने चाचपून बघा. या गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बऱ्याचदा गालिच्याखाली किंवा डिकीच्या कोपऱ्यात बसवलेले असतात. सनरूफची नळी तुंबून आत आलेलं पाणीही त्यांना पुरतं.

## ७. प्रत्येक बटण

हे कंटाळवाणं आहे, तरी करा. चारही काचा, सनरूफ, आरसे, सीटच्या सगळ्या हालचाली, एसी सर्वात थंडवर आणि हीटर सर्वात गरमवर, सगळे दिवे, पार्किंग सेन्सर, कॅमेरा, दोन्ही किल्ल्या. दुसरी किल्ली नसेल तर तिचा खर्च किमतीतून वजा करा.

इग्निशन चालू केल्यावर इंजिन, एबीएस आणि एअरबॅगचे दिवे आधी लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. जो दिवा लागलाच नाही, तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

स्टिअरिंगचं चामडं, ब्रेकच्या पेडलचं रबर आणि ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड यांची झीज मीटरवरच्या किलोमीटरशी जुळते का ते बघा. मीटरवर ६०,००० आणि पेडल गुळगुळीत, हे जमत नाही.

## ८. टेस्ट ड्राइव्ह

निदान अर्धा तास, आणि स्वतः चालवा. रेडिओ बंद, काचा आधी खाली, नंतर वर.

गाडी उभी असताना ब्रेक दाबून डी आणि आर आलटून पालटून टाका. गिअर एका सेकंदाच्या आत, धक्क्याशिवाय लागला पाहिजे. मग ६० ते ८० किलोमीटरच्या वेगाने अगदी हलका अ‍ॅक्सिलरेटर देऊन सपाट रस्त्यावर चालवा. खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी बारीक थरथर जाणवली, तर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना जोडणारा भाग) किंवा गिअरबॉक्सच्या ऑइलची तक्रार आहे.

‘हे ऑइल आयुष्यभराचं आहे’ असं विक्रेता सांगेल. बीएमडब्ल्यूसह अनेक कंपन्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते. जास्त चाललेल्या गाडीत ते कधीच बदललं नसेल, तर गिअरबॉक्सच्या खर्चाची तयारी ठेवा.

मोकळ्या जागेत स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून हळू गोल फिरा, कटकट आली तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. गतिरोधकावरून जाताना ठकठक आली तर बुश किंवा आर्म. मागे कोणी नाही हे बघून एकदा जोरात ब्रेक मारा. गाडी सरळ थांबली पाहिजे आणि स्टिअरिंग थरथरता कामा नये. शेवटी एसी लावून दहा मिनिटं जागेवर उभी ठेवा. तापमानाचा काटा जागचा हलता कामा नये.

परत आल्यावर इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करा. गरम इंजिन सुरू व्हायला वेळ घेत असेल तर तेही लिहून ठेवा.

> खूण: एअर सस्पेन्शन असेल तर चाकांवरच्या चारही कमानींची उंची थंड गाडीत मोजा आणि फेरीनंतर पुन्हा मोजा. एखादा कोपरा सकाळी खाली बसलेला असेल, तर एअर स्प्रिंग गळतेय आणि ती सतत भरून भरून कॉम्प्रेसरही दमलेला आहे.

## ९. स्कॅनर

साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोष वाचणारं यंत्र) जोडून एररचे कोड वाचा. एकही कोड नाही म्हणून लगेच समाधान मानू नका. रेडीनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्या का याची नोंद, बघा. बरेच मॉनिटर ‘अपूर्ण’ दाखवत असतील, तर कोड नुकतेच पुसले गेलेत किंवा बॅटरी काढली गेली आहे. ‘आठवडाभर चालवा, मग पुन्हा बघू’ असं सांगा.

त्या त्या कंपनीचा खास स्कॅनर मिळाला तर इतर मॉड्यूलमधले किलोमीटरही वाचता येतात. बीएमडब्ल्यूच्या अनेक पिढ्यांत किल्लीतही ते नोंदवले जातात. मीटर फिरवणारा सगळ्या जागा बदलायला बऱ्याचदा विसरतो.

## १०. तुमचा मेकॅनिक, लिफ्टवर

इथवर सगळं ठीक असेल तरच पैसे देऊन तपासणी करून घ्या, आणि ती त्या ब्रँडवर काम करणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिककडून. विक्रेत्याने सुचवलेला मेकॅनिक नको. गाडी लिफ्टवर घेऊन इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातली गळती, वाकलेला किंवा पुन्हा वेल्डिंग केलेला सांगाडा, सांध्यांवरचे फाटलेले रबरी बूट, गंज आणि ब्रेकच्या नळ्या बघायला सांगा. तपासणीला विक्रेता नाही म्हणाला तर गाडी सोडा. इथे अपवाद करू नका.

## ११. भाव

मेकॅनिकच्या यादीतल्या प्रत्येक कामासमोर खर्च लिहा आणि बेरीज मागणीतून वजा करा. ‘थोडं कमी करा’ म्हणण्यापेक्षा लिहिलेला आकडा पुढे ठेवणं परिणामकारक असतं. ‘आज दुसरा ग्राहक येतोय’ या बोलण्यावर घाई करू नका. सगळं तोंडी ठरलेलं लेखी घ्या, आणि मालकी तुमच्या नावावर व्हायची कागदपत्रं सह्यांसकट हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

## १२. पहिला महिना

जुन्या पावत्यांत काहीही लिहिलेलं असो, इंजिन ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, केबिन फिल्टर, ब्रेक ऑइल आणि कूलंट बदला. ऑइल कंपनीच्या ठरलेल्या मान्यतेचंच घ्या, नुसता ग्रेड जुळून चालत नाही. टायमिंग बेल्ट असेल आणि बदलल्याची पावती नसेल, तर वॉटर पंपासकट बदला. गिअरबॉक्सचं ऑइलही याच वेळी.

नवी बॅटरी टाकली तर अनेक जर्मन गाड्यांत ती स्कॅनरने नोंदवावी लागते. नाहीतर जुन्या बॅटरीच्या हिशेबानेच चार्जिंग चालू राहतं. पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत दर आठवड्याला सकाळी डिपस्टिक आणि कूलंटची पातळी बघून तारीख आणि किलोमीटरसकट वहीत लिहा. पातळी उतरत असेल, तर तुम्ही बाजूला ठेवलेल्या चौथ्या हिश्शातून पहिला खर्च याच कामावर करा.